शुगर तपासण्याआधीच घडतं बाळाचं हृदय

गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी बाळाचं हृदय धडधडू लागतं. तेव्हा ती नुसती एक नळी असते. पुढच्या पाचेक आठवड्यांत ती वळते, आत पडदे वाढतात, चार कप्पे होतात, महाधमनी आणि फुफ्फुसधमनी वेगळ्या होतात. पाळी चुकून जेमतेम दीड महिना होतो, तोवर हृदयाची मुख्य बांधणी आटोपलेली असते.

मधुमेह आधीपासून असेल तर हेच आठवडे नाजूक. आईच्या रक्तातली साखर गर्भापर्यंत सहज पोहोचते, इन्सुलिन मात्र वार (प्लासेंटा) ओलांडत नाही. इन्सुलिन बनवणारं गर्भाचं स्वादुपिंड अजून तयार नसल्याने जादा साखरेवर त्याच्याकडे उपाय नसतो. पेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनयुक्त रेणूंचा मारा, वाढतो आणि हृदय घडवणाऱ्या जनुकांचं काम बिघडतं. पडद्याला छिद्र राहणं किंवा दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल होणं, असे दोष यातून येऊ शकतात. एरवी शंभरातल्या एखाद्या बाळाला जन्मजात हृदयदोष असतो. अशा गरोदरपणात हा धोका तीन ते पाच पट होतो. तरीही बहुसंख्य बाळांची हृदयं नीट घडतात, हे घाबरलेल्या आईला आधी सांगायला हवं.

गरोदरपणातच, उत्तरार्धात उद्भवणाऱ्या मधुमेहाची गोष्ट वेगळी. तोवर हृदय बनलेलं असतं आणि बाळाचं स्वादुपिंडही कामाला लागलेलं असतं. जास्तीच्या साखरेमुळे ते भरमसाट इन्सुलिन बनवतं, असं कोपनहेगनच्या डॉ. पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडलं. गर्भात इन्सुलिन वाढीचं संप्रेरक ठरतं. बाळ अंगाने मोठं होतं, हृदयाचे स्नायू, विशेषतः मधला पडदा, जाड होतो. जन्मानंतर आईकडून येणारी साखर थांबते आणि ही जाडी बहुतेक बाळांत काही महिन्यांत ओसरते.

पण आधीपासूनचा मधुमेह कळलेलाच नसेल, तर उशिरा तपासून हृदय घडण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच फक्त २४ ते २८ व्या आठवड्यातल्या शुगर तपासणीवर विसंबणं मला पटत नाही. पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी शुगर पाहावी, असं भारतातल्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. त्यासाठी उपाशीपोटी जावं लागत नाही. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर उपचार सुरू होतात. मधुमेह आधीच माहीत असेल, तर दिवस राहण्यापूर्वीच एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांखाली आणावं आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावं. त्यासाठी डॉक्टरांकडे जोडप्याने मिळून जावं, हा भार एकट्या बाईवर टाकू नये.

मधुमेह आधीपासून असलेल्या गरोदरपणात १८ ते २२ आठवड्यांच्या सुमारास फीटल इको, म्हणजे गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्यावी. धमन्यांची अदलाबदल तेव्हाच कळली, तर लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात बाळंतपण ठरवता येतं.