ब्लॅक हेरिटेज ट्रेल, बॉस्टन

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या बीकन हिल भागात, टेकडीच्या उत्तर उतारावर आखलेला सुमारे २.५ किमी. लांबीचा ऐतिहासिक पदभ्रमण मार्ग. एकोणिसाव्या शतकात येथे वस्ती करून असलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांची घरे, शाळा व सभागृह त्यावर आहेत. मार्गाची मूळ आखणी सामान्यतः स्यू बेली थर्मन यांच्या नावावर सांगितली जाते (१९६० चे दशक). १९३६ मध्ये बार्डोली येथे म. गांधींना भेटलेल्या कृष्णवर्णीय शिष्टमंडळात त्या होत्या. १९८० मध्ये या वास्तूंना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅचूसेट्समधील गुलामगिरीच्या अंताचे वर्ष बहुधा १७८३ दिले जाते. मात्र ती रद्द करणारा कायदा झालाच नाही. क्वॉक वॉकर या गुलामाच्या मुक्ततेविषयीच्या प्रकरणात (१७८१–८३) मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी ज्यूरीला सांगितले, की १७८० च्या राज्यघटनेशी गुलामगिरी विसंगत आहे. या निकालाचा अधिकृत वृत्तान्त प्रसिद्ध झाला नाही. त्यामुळे काही अभ्यासक त्यास निर्णायक मानतात, तर काहींच्या मते प्रथा हळूहळू क्षीण झाली. १७९० च्या जनगणनेत राज्यात एकही गुलाम नोंदलेला नाही. १७८३ नंतरच्या सात वर्षांत प्रथा ओसरणे शक्य असल्याने दुसरे मत यामुळे खोटे ठरत नाही, किंबहुना तेच अधिक सयुक्तिक वाटते.

मार्गावरील आफ्रिकन मीटिंग हाउस (१८०६) ही देशातील कृष्णवर्णीय चर्चची सर्वांत जुनी विद्यमान वास्तू होय. गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८३२ मध्ये न्यू इंग्लंड गुलामगिरीविरोधी संस्था येथेच स्थापिली. पुढे कृष्णवर्णीय वस्ती साउथ एंड व रॉक्सबरी या बॉस्टनच्या भागांकडे सरकल्यावर ही वास्तू ज्यूंचे सिनॅगॉग झाली. १९७२ मध्ये ती आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाकडे आली. शेजारच्या एबिएल स्मिथ शाळेत (१८३५) फक्त कृष्णवर्णीय मुले शिकत. गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश नाकारलेल्या सेरा रॉबर्ट्स या कृष्णवर्णीय मुलीच्या खटल्यात (१८५०) न्यायालयाने वेगळ्या शाळा वैध ठरविल्या; १८५५ च्या राज्य कायद्याने त्या बंद झाल्या. पराभूत पक्षाचे, म्हणजे सेराचे, वकील चार्ल्स समनर व रॉबर्ट मॉरिस होते. हाच निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील १८९६ च्या प्लेसी खटल्यात विभक्ततेच्या समर्थनार्थ उद्‌धृत झाला.

लूइस व हॅरिएट हेडन यांच्या घरी विल्यम व एलन क्राफ्ट या गुलामगिरीतून पळून आलेल्या दांपत्याला आश्रय मिळाला (१८५०). पकडायला कोणी आल्यास घर उडवून देण्यासाठी तेथे बंदुकीच्या दारूची पिंपे ठेवली होती, ही आख्यायिका सावधपणे घ्यावी. जॉर्ज मिडल्टन यांचे घर (सु. १७८७) टेकडीवरील जुन्या घरांपैकी आहे; त्यांच्या ‘बक्स ऑफ अमेरिका’ या कृष्णवर्णीय पथकाची अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील कामगिरी अस्पष्टच आहे.

मार्गाचा आरंभ स्टेट हाउससमोरील यादवी युद्धात लढलेल्या ५४ व्या मॅसॅचूसेट्स या कृष्णवर्णीय पलटणीच्या स्मारकापासून होतो (१८९७, शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स). राष्ट्रीय उद्यान सेवेचे रेंजर मार्गदर्शित फेऱ्या घडवितात. बहुतेक घरे खासगी असल्याने ती बाहेरूनच पाहावी लागतात.