नोटरी केली म्हणजे घर आपलं झालं?

"स्टॅम्पवर लिहून नोटरी केलीय, पैसे पोचलेत, ताबाही घेतलाय. आणखी काय पाहिजे?" शेळगी असो की जुळे सोलापूर, जागेचा विषय निघाला की हे वाक्य येतंच.

पाहिजे की! सही करणारा माणूस खरोखर समोर होता, एवढंच नोटरी सांगते. लाल शिक्का कितीही ठसठशीत असो, त्यानं मालकी मिळत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रारकडे) नोंदवावंच लागतं. साठेखत म्हणजे पुढं विकण्याचा करार, विक्री नव्हे. नुसत्या कुलमुखत्यारपत्रानंही (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीनंही) मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच स्पष्ट केलंय. तरी लोक नोटरीवर भागवतात, कारण मुद्रांक शुल्क वाचतं. (बँकेत कर्जाला गेल्यावर त्याची किंमत कळते.)

नोंदवलेला दस्त हातात घेतला की ओळखू येतो: पानापानावर दस्त क्रमांक, देणार-घेणारांचे फोटो, अंगठे. सोबत इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयानं दिलेला दस्ताचा गोषवारा असतो. त्यात मिळकतीचं वर्णन, मोबदला, दोघांची नावं. विकणाऱ्याला तोच आधी मागा. "लॉकरमध्ये आहे" म्हणाला, तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा.

नवा फ्लॅट घेताय? रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानुसार करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.