जैवसूचक (चयापचय, मूत्रपिंड व हृदयविकारांच्या पूर्वानुमानात)

रक्तात किंवा लघवीत मोजता येणारा आणि रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज देणारा घटक म्हणजे जैवसूचक किंवा बायोमार्कर. आज कोणता आजार आहे हे सांगणे म्हणजे निदान; हा आजार पाच-दहा वर्षांत कुठवर जाईल हे सांगणे म्हणजे पूर्वानुमान. दोन्हींसाठी अनेकदा एकच चाचणी वापरतात, पण अहवाल वाचताना विचारायचे प्रश्न वेगळे असतात. प्रस्तुत नोंदीत मधुमेह, मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार आणि हृदयविकार यांच्या पूर्वानुमानाचा, ठाणे-नवी मुंबईतील वापराच्या संदर्भात विचार केला आहे.

हे तिन्ही आजार एकमेकांत गुंतलेले आहेत. पोटाभोवतीची चरबी वाढली की इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, रक्तदाब व रक्तशर्करा चढते, रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते आणि त्याची झळ मूत्रपिंड व हृदय या दोघांनाही बसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने या साखळीला एकच विकारसमूह मानून तिचे ० ते ४ असे टप्पे ठरवले. भारतीयांत ही साखळी वजन फारसे न वाढताही सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणूनच आपल्याकडे कंबरेचे माप (पुरुषांत ९० सेंमी., स्त्रियांत ८० सेंमी.च्या वर धोका) हे सर्वांत स्वस्त मापन वजनकाट्याइतकेच महत्त्वाचे आहे.

लघवीतील अल्ब्युमिन हा या सर्वांतला सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत उपेक्षित सूचक. निरोगी मूत्रपिंडाची गाळणी हे प्रथिन रक्तातच अडवते. गाळणीला इजा झाली की ते थोडे थोडे झिरपू लागते. १९६० च्या दशकात लंडनमध्ये हॅरी कीन व सहकाऱ्यांनी हे अत्यल्प प्रमाण मोजण्याची पद्धत आणली. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल एरिक मोगेन्सेन यांनी दाखवले, की प्रौढ मधुमेहींत ही सूक्ष्म गळती पुढील मूत्रपिंडविकाराचीच नव्हे, तर लवकर येणाऱ्या मृत्यूचीही आगाऊ सूचना असते. गळती मूत्रपिंडात दिसत असली तरी रक्तवाहिन्यांचे अस्तर सगळ्या शरीरभर बिघडल्याची ती खूण आहे, हे डॅनिश संशोधकांनी १९८९ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण आजही पटते. एक लाखाहून अधिक लोकांच्या माहितीच्या २०१० मधील एकत्रित विश्लेषणात अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीत क्रिएटिनिन या टाकाऊ घटकाच्या दर ग्रॅममागे किती मिलिग्रॅम अल्ब्युमिन आहे तो आकडा) ५ असलेल्यांच्या तुलनेत ३० असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे १.६ पट आढळला. ३० हा आकडा ‘नॉर्मल’च्या कडेवरचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे गांभीर्य कळते.

हे गुणोत्तर सकाळच्या पहिल्या लघवीच्या नमुन्यात पाहणे उत्तम. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी, ३० ते ३०० आणि ३०० हून अधिक अशा तीन श्रेणी मानतात. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरकस व्यायाम यांनी आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून एका अहवालावरून घाबरू नये. काही महिन्यांच्या काळात तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तर ते खरे मानतात. साध्या ‘युरिन रुटीन’मधील पट्टीला सुरुवातीची गळती सहसा कळत नाही. त्यामुळे ‘लघवी तपासली, प्रोटीन निल आले’ एवढ्यावर मधुमेही रुग्णाने निर्धास्त राहणे योग्य नाही.

क्रिएटिनिन ही सर्वांना ठाऊक असलेली चाचणी, पण तिचा नुसता आकडा फसवा असतो. मूत्रपिंडाची गाळणक्षमता (रक्त गाळण्याचा वेग) जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत तो ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहू शकतो. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येते. वाशीच्या एपीएमसी बाजारात पोती उचलणारा ३० वर्षांचा माथाडी कामगार आणि कोपरखैरण्यात राहणारी ७० वर्षांची आजी, दोघांचेही क्रिएटिनिन १.० आले असे समजा. क्रिएटिनिन, वय व लिंग यांवरून गाळणक्षमता काढण्याच्या २०२१ च्या सूत्राने त्याची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे १०४ मिलिलिटर निघते, तिची सुमारे ६१. आजी फारच कृश असेल तर प्रत्यक्ष क्षमता याहूनही कमी असू शकते. कामगाराचे स्नायू पिळदार असतील तर त्याची खरी क्षमता याहून जास्त असू शकते. अशा वेळी स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेले सिस्टॅटिन-सी हे रक्तातील प्रथिन उपयोगी पडते. ते महाग आहे आणि थायरॉइडचे विकार, स्टेरॉइड औषधे, धूम्रपान व स्थूलता यांमुळे बदलते. तरीही औषधाची मात्रा ठरवणे अवघड असते तिथे त्यावर केलेला खर्च सार्थकी लागतो.

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी म्हणून ओळखले जाणारे एचबीएवनसी हा तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचा मापक. १९९३ मधील अमेरिका-कॅनडातील मोठ्या चाचणीने तो कमी राखल्यास टाइप-१ मधुमेहात डोळे, मूत्रपिंड व नसांची हानी घटते हे सिद्ध केले. ठाणे जिल्ह्यात मात्र तो डोळसपणे वाचावा लागतो. लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय स्त्रियांत सर्रास आढळतो, आणि त्यात आकडा खोटा वाढतो. फाळणीनंतर वसलेल्या उल्हासनगरातील सिंधी समाजात थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचे प्रमाण जास्त आहे. तिथे, तसेच राज्याच्या आदिवासी पट्ट्यातील सिकल सेल या तशाच आनुवंशिक दोषामध्ये, हा आकडा विश्वासार्ह राहीलच असे नाही. हिमोग्लोबिनचा अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय एचबीएवनसीवर औषध वाढवू नये. शंका असेल तिथे उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर हाच अधिक भरवशाचा आधार.

हृदयाच्या बाबतीत एनटी-प्रोबीएनपी हे रक्तातील प्रथिन हृदयाच्या कप्प्यांवर ताण आला की वाढते. बाह्यरुग्णात १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर हृदय निकामी होत असण्याची शक्यता कमी. मूत्रपिंड दुबळे असल्यास ते वाढलेले दिसते, स्थूल व्यक्तीत मात्र अपेक्षेपेक्षा कमी. हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात येणारे ट्रोपोनिनही मूत्रपिंडाच्या रुग्णांत कायम थोडे चढलेले असू शकते, त्यामुळे छातीत दुखत असताना काही तासांत ते किती बदलले हे महत्त्वाचे. लायपोप्रोटीन (ए) या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणाचा शोध १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी लावला. त्याची पातळी बहुतांशी आनुवंशिक असते आणि दर डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर धोका मानतात. घरात तरुणपणी हार्ट अटॅक आलेला असेल तर आयुष्यात एकदा तरी ही चाचणी करावी. शरीरातील दाह दाखवणाऱ्या हाय-सेन्सिटिव्ह सीआरपीची उपयुक्तता मर्यादित आहे. साध्या सर्दीतही ते वाढते.

ठाणे-नवी मुंबई परिसराचा या चाचण्यांशी संबंध केवळ रुग्णांपुरता नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या थायरोकेअरची मध्यवर्ती प्रयोगशाळा तुर्भ्यात आहे आणि देशभरातील नमुने तिथे येत आले आहेत. घणसोलीपासून खारघरपर्यंत पहाटे घरी येऊन उपाशीपोटी रक्त नेणारी मुले हे इथले नित्याचे दृश्य. सोसायट्यांत आणि गणेशोत्सव मंडळांत शिबिरे होतात. महापालिकांची नागरी आरोग्य केंद्रे आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय यांच्यावर तर मोठ्या लोकसंख्येची भिस्त आहे. शिबिरांत बोट टोचून साखर आणि रक्तदाब पाहिला जातो; लघवीची बाटली मात्र क्वचितच मागितली जाते. साठ-सत्तर चाचण्यांच्या पॅकेजमध्ये जीवनसत्त्वे असतात आणि अल्ब्युमिनचे गुणोत्तर बरेचदा नसते. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांसाठी हा क्रम उलटा व्हायला हवा, कारण वाढलेल्या अल्ब्युमिनवर आज उपाय आहे. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गटांतील रक्तदाबाची औषधे ही गळती कमी करतात. त्यांच्या जोडीची डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे मूत्रपिंडाची झीज मंदावतात व हृदय निकामी होण्याचा धोका घटवतात. त्यांची जेनेरिक रूपेही आता मिळतात.

एकेका आकड्यापेक्षा त्यांचा मेळ जास्त सांगतो. नवदीप तंगरी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये कॅनडात मांडलेले सूत्र वय, लिंग, गाळणक्षमता आणि लघवीतील अल्ब्युमिन या चारच गोष्टींवरून डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येण्याचा धोका सांगते. पुढे तीसहून अधिक देशांतील रुग्णांवर ते पडताळले गेले. हा धोका समूहाचा असतो. दहा टक्के म्हणजे अशा शंभर जणांत दहा. समोरचा रुग्ण त्या दहांत असेल की नव्वदांत, हे सूत्र सांगू शकत नाही, आणि डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार पाच वर्षांतील धोका ३ ते ५ टक्के झाला की मूत्रपिंडतज्ज्ञाकडे पाठवावे आणि दोन वर्षांतील धोका ४० टक्क्यांपलीकडे गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची तयारी सुरू करावी. या तयारीत पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातील धमनी व शीर यांची शस्त्रक्रियेने केलेली जोडणी) करण्यासाठी हातांच्या शिरा, विशेषतः कमी वापराच्या हाताच्या, जपायच्या असतात. म्हणून अशा रुग्णाने घरी रक्त न्यायला येणाऱ्याला शक्यतो पंजाच्या मागच्या बाजूने नमुना घ्यायला सांगावे.