समुपदेशनाची पदविका करायची तर अर्ज आधी मुख्याध्यापकांकडे, भोपाळला नंतर

विदर्भातल्या खेड्यातल्या शाळेत ‘समुपदेशक’ अशी पाटी लावलेली खोली क्वचितच दिसते. बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडलेलं असतं. कुठे मराठीच्या मॅडम, कुठे विज्ञानाचे सर, आश्रमशाळेत बऱ्याचदा अधीक्षक. अभ्यासक्रम संपवायचा, पोषण आहाराचा हिशोब ठेवायचा, आणि वडील गेल्यापासून बोलेनाशा झालेल्या सातवीतल्या मुलाकडेही बघायचं. हे नीट शिकून घ्यावं असं वाटून मोबाइल हातात घेतला, की तीन दिवसांत ‘सर्टिफाइड काउन्सेलर’ करून देणाऱ्या जाहिराती सर्वात आधी समोर येतात. त्यात पैसे घालू नका. सरकारी सेवेत असाल तर त्यापेक्षा कितीतरी भक्कम रस्ता उपलब्ध आहे. तो फारसा कोणी धरत नाही, कारण त्याची फाइल लांब पल्ल्याची आहे.

हा रस्ता म्हणजे एनसीईआरटीचा (केंद्राच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचा) ‘डिप्लोमा कोर्स इन गाइडन्स अँड काउन्सेलिंग’. मुदत एक वर्षाची. दिल्लीखेरीज अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर, म्हैसूर आणि शिलाँगजवळच्या उमियम इथे त्याची केंद्रं आहेत. महाराष्ट्र भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या क्षेत्रात येतो. पुण्या-मुंबईकरांना भोपाळ लांब पडतं. आपल्याला ते सोयीचं, नागपूरहून इटारसीमार्गे सरळ गाडी आहे.

वर्षाचे तीन भाग पडतात. जानेवारी ते जून घरी राहून अभ्यास आणि स्वाध्याय. जुलै ते सप्टेंबर प्रत्यक्ष केंद्रावर हजेरी. ऑक्टोबर ते डिसेंबर आपल्याच भागातल्या शाळेत प्रात्यक्षिक काम. पहिला आणि तिसरा भाग नोकरी सांभाळून जमतो, खरी अडचण मधल्या तीन महिन्यांची. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे शाळा सुरू होते न होते तोच तुम्हाला भोपाळ गाठायचं असतं. मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, तुम्ही गेल्यावर दहावीचं गणित कोण घेईन?’ या प्रश्नाचं उत्तर खिशात ठेवूनच त्यांच्या खोलीत शिरायचं. कोणता तास कोण घेईल, याचं अर्ध्या पानाचं वेळापत्रक सहकाऱ्यांशी बोलून आधी तयार करा आणि अर्जाला जोडा. प्रस्ताव अडतो तो बहुधा याच ठिकाणी, पात्रतेवर नव्हे.

कोण अर्ज करू शकतं

शिक्षणशास्त्राची पदवी असलेले पदवीधर शिक्षक, म्हणजे साध्या भाषेत बी.ए. बी.एड., बी.एस्सी. बी.एड. वगैरे, हा मुख्य गट. त्यासोबत मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, बालविकास, विशेष शिक्षण अशा विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनाही प्रवेश मिळू शकतो. म्हणजे एम.एस.डब्ल्यू. करून एखाद्या संस्थेत मुलांसोबत काम करणाऱ्यांनाही दार बंद नाही. किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव गटांना सवलत मिळते. उमेदवार दोन प्रकारचे: विभागाने प्रतिनियुक्तीवर, म्हणजे नोकरीचा भाग म्हणून पाठवलेले आणि स्वतःच्या खर्चाने येणारे. पहिल्यांची फी बरीच कमी असते. तरी तीन महिन्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च आपला धरूनच हिशोब मांडा. कार्यालयाने काही दिलं तर चांगलंच.

जात प्रमाणपत्राबाबत आपल्याकडे हमखास घोळ होतो. एनसीईआरटी केंद्राची संस्था आहे, तेव्हा तिथे आरक्षणही केंद्राच्या यादीप्रमाणे चालतं. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना फारशी अडचण येत नाही. पण विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे आपल्या राज्याचे प्रवर्ग आहेत, भोपाळच्या अर्जात त्या नावाचा रकाना नसतो. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी पाहा. असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर उपविभागीय कार्यालयातून घ्यावं लागतं. राज्याच्या नमुन्यातलं जोडून ‘हेच तर चालत होतं’ म्हणण्यात अर्थ नाही. सेवा केंद्रात अर्ज भरताना ‘केंद्रासाठी’ असं तोंडाने सांगा आणि हाती आलेला कागद तिथेच वाचून घ्या.

फाइल कुठून कुठे जाते

अभ्यासक्रम जानेवारीत सुरू होतो, म्हणून जाहिरात त्याआधीच्या काही महिन्यांत एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर येते. जाहिरात निघाल्यावर परवानगी मागायला गेलात तर मुदत संपेपर्यंत फाइल तालुक्याच्या बाहेरही पडत नाही. त्यामुळे शाळा उघडल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांतच तत्त्वतः मान्यतेचा अर्ज देऊन ठेवावा.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा चढत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, आणि शेवटची सही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या स्तरावर होते. खासगी अनुदानित शाळेत आधी संस्थेचा ठराव, मग शिक्षणाधिकारी माध्यमिक. ठरावाची प्रत नसेल तर फाइल हमखास परत येते. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव यांचं आपसात पटत नसेल तर… ते तुम्हीच बघा. शासकीय आश्रमशाळेचा मार्ग पूर्ण वेगळा आहे, तिथे शिक्षण विभागाचा संबंध येत नाही. प्रकल्प अधिकाऱ्यांमार्फत फाइल आदिवासी विकास विभागाच्या अपर आयुक्तांकडे जाते. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चिमूर, देवरी या प्रकल्पांची नागपूरला, तर धारणी, पांढरकवडा, पुसद, अकोल्याची अमरावतीला. धारणी किंवा भामरागडहून दर वेळी खेटे घालणं परवडत नाही, त्यामुळे पहिल्याच वेळी फाइल पूर्ण हवी.

प्रत्येक टेबलावर आवक क्रमांक आणि तारीख घातलेली पोच मागा. ‘ठेवून द्या, पाहून घेऊ’ असं उत्तर मिळालं तरी दुय्यम प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही.

अर्जात ‘मला समुपदेशनाची आवड आहे’ असं लिहून काहीच हलत नाही. कार्यालयाला आधार लागतो, आणि तो सध्या चांगला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी ५० तासांचं सातत्यपूर्ण व्यावसायिक प्रशिक्षण घेणं अपेक्षित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत बंधनकारक मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, पटसंख्या त्यापेक्षा कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था असावी, आणि शिक्षक-शिक्षकेतर सगळ्यांचं वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण व्हावं, असं त्यात आहे. राज्य शासनाच्या १० मार्च २०२२ च्या निर्णयानुसार विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेल्या सखी सावित्री समितीतही समुपदेशकाची जागा आहे. अर्जातला मुख्य परिच्छेद असा करता येईल:

‘उपरोक्त विषयान्वये विनंती की, आमच्या शाळेची पटसंख्या …… असून पूर्णवेळ समुपदेशक उपलब्ध नाही. मा. सर्वोच्च न्यायालयाच्या दि. २५ जुलै २०२५ रोजीच्या निर्देशांच्या पूर्ततेसाठी शाळेतील एक शिक्षक प्रशिक्षित असणे आवश्यक आहे. करिता मला सदर पदविका अभ्यासक्रमासाठी प्रतिनियुक्तीने परवानगी देण्यात यावी व केंद्रावरील उपस्थितीचा कालावधी कर्तव्य कालावधी म्हणून ग्राह्य धरण्यात यावा. अध्यापनाच्या पर्यायी व्यवस्थेचा तक्ता सोबत जोडला आहे.’

‘कर्तव्य कालावधी’ हे शब्द वगळू नका. आदेशात ते आले नाहीत, तर तीन महिने रजेवर टाकले जातात आणि पगाराचा गुंता होतो. प्रतिनियुक्ती नाकारलीच, तर अध्ययन रजेचा वेगळा अर्ज करता येतो, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय. कंत्राटी कर्मचाऱ्यांना प्रतिनियुक्ती मिळणं कठीण. त्यांनी नियुक्ती देणाऱ्या कार्यालयाचं ना हरकत पत्र घेऊन स्वखर्चाच्या गटातून अर्ज करावा.

कागदपत्रं

दहावीपासून शेवटच्या पदवीपर्यंतच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, बी.एड.ची दोन्ही, आधार, फोटो, जातीचा दाखला, दिव्यांगत्व असेल तर त्याचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, आणि प्रतिनियुक्तीचा आदेश किंवा ना हरकत. खासगी शाळेतल्यांनी वैयक्तिक मान्यतेची (आपल्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांनी दिलेल्या मंजुरीची) प्रतही जवळ ठेवावी.

अनुभवाच्या दाखल्यात ‘सदर शिक्षक आमच्या शाळेत कार्यरत आहेत’ एवढंच लिहून चालवून नेतात. नेमणुकीची तारीख, कोणते वर्ग, मार्गदर्शनाचं काम कधीपासून, जावक क्रमांक, हे सगळं हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडावी. पदवीवर माहेरचं, आधारवर सासरचं आणि सेवापुस्तकात तिसऱ्याच क्रमाने लिहिलेलं नाव, अशी उदाहरणं तालुक्यागणिक सापडतील.

निबंध आणि मुलाखत

निवडीसाठी निबंध लिहून घेतात, मुलाखत होते. इथे पुस्तकी व्याख्या घोकून जाण्यापेक्षा स्वतःच्या वर्गातल्या नोंदी कामी येतात. नोंद कशी असावी? ‘मुलगा आळशी आहे, लक्ष देत नाही’ हा झाला शेरा. नोंद अशी: ‘इयत्ता आठवी. दिवाळीनंतर सोमवारी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी गैरहजर. आला तर दुसऱ्या तासापर्यंत बाकावर डोकं ठेवून. डबा नाही. कापूस वेचायला जातो का विचारलं, नाही म्हणाला. बोटांना मात्र बोंडाचे ओरखडे. आजीशी बोललो: आई सालकरी म्हणून कामाला, धाकट्या बहिणीला हाच सांभाळतो.’ यात मुलाचं वर्तन, घरची स्थिती आणि पुढे काय विचारायचं हे तिन्ही दिसतं. नाव, गाव, आडनाव गाळून अशा चार-पाच नोंदी जवळ असल्या, की मुलाखतीत शब्द शोधावे लागत नाहीत, आणि ऑक्टोबरनंतरच्या प्रात्यक्षिकालाही त्याच वळणाचं लिखाण लागतं.

एक प्रश्न विचारतीलच, आणि विचारावाच: मुलाने ‘कोणाला सांगू नका’ म्हणून लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर? गुप्तता पाळतो, हे उत्तर चुकीचं आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेची. म्हणून बोलणं सुरू होण्याआधीच मुलाला सांगायचं असतं, की तुझ्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही.

पदविकेने काय मिळत नाही

पदविका घेतली म्हणजे उपचार करता येतात, असं नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी तिने मिळत नाही. ती चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक वगैरेंसाठी वेगळी आहे. नैराश्य, स्वतःला इजा, भास अशी लक्षणं दिसली की जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कक्षाकडे पाठवायचं. पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत आणि वर्ध्यात शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी आरोग्य विभागाचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, तो याच कक्षाशी जोडलेला आहे. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक वर्गाच्या भिंतीवर रंगवून घ्या.

पदविकेऐवजी दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम.ए. करावं, असा सल्ला अजूनही लोक देतात. तो जुना झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केले आहेत. आता कोणी दूरस्थ प्रवेशाची पावती फाडत असेल तर आधी आयोगाची मान्यता दाखवायला सांगा.

वर्षभराचं जमणारच नसेल तर छोट्या वाटा आहेत. केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण मिळतं, त्यातला एक विषय भावनिक आरोग्याचाच आहे. आपल्या शाळेतून कोणाची नावं गेली आहेत ते मुख्याध्यापकांना विचारा, कधीकधी बदलून गेलेल्या गुरुजींचंच नाव अजून चालू असतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा ‘संवाद’ हा उपक्रम अडचणीतल्या मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठीच आहे. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम मोफत आहेत, आणि त्यांचे तास धोरणातल्या त्या ५० तासांत दाखवता येतात.

पदविका हाती आल्यावर तिची प्रत कार्यालयात टाकून मोकळं होऊ नका. सेवापुस्तकात नोंद घेण्याचा स्वतंत्र अर्ज करा, नोंदीवर सही झाली का ते सेवापुस्तक उघडून पाहा, आणि एक प्रत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला द्या. तालुक्यात शिक्षकांचं पुढचं प्रशिक्षण लागेल तेव्हा सुलभक (प्रशिक्षण देणारे) म्हणून नावं तिथूनच जातात.