मूर्ती लहान, धक्का महान

गेल्या वर्षी टेक्सासला मित्राकडे गेलो होतो. वहिनींचं तिथे किराणा दुकान आहे, रात्री दहाला एकटीने शटर ओढायचं. पिस्तूल घ्यायचं हे नवराबायकोचं आधीच ठरलं होतं, मी नुसता सोबत. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेक लोकांना कपड्याखाली पिस्तूल बाळगायला वेगळा परवाना लागत नाही. ते बरोबर की चूक यावर आमची गाडीत चांगली तासभर खडाजंगी झाली, ती इथे नको.

काउंटरवरच्या माणसाने वहिनींच्या हाताकडे पाहिलं आणि दुकानातलं सगळ्यात चिमुकलं पिस्तूल पुढे ठेवलं. छोट्या हाताला छोटं पिस्तूल! मंगळसूत्र दाखवावं तसं मखमलीवर ठेवून. वहिनींनी स्लाइड, म्हणजे काडतूस आत घ्यायला मागे ओढायचा वरचा सरकता भाग, ओढून बघितली. हलेना. पुन्हा ओढली, बोटं पांढरी पडली, स्लाइड जागची हलली नाही. मग बाजूचं, चांगलं दुपटीहून जड पिस्तूल घेतलं, त्याची स्लाइड मुकाट मागे आली.

"भावजी, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? एवढंसं तर आहे हे, मग इतकं घट्ट का?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. तिथे उभ्याउभ्या नीट देता आलं नव्हतं.

नववीत संवेगाची अक्षय्यता शिकताना बंदुकीचं उदाहरण सगळ्यांनीच केलंय. तेच पुढे नेऊ. तिकडे पिस्तुलांत सर्वाधिक चालणारं काडतूस 9 मिलिमीटरचं, गेओर्ग लुगर या ऑस्ट्रियन माणसाने गेल्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बनवलेलं. त्याची एक नेहमीची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची, वेग सेकंदाला 350 मीटरच्या आसपास. ग्रॅमचे किलो करून गुणाकार केला की संवेग येतो 2.6 (किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद). त्यात पाठोपाठ बाहेर पडणाऱ्या वायूचा वाटा मिळवला की झाला साधारण 3. हा 3 चा आकडा काडतुसाने ठरवलेला. पिस्तूल छोटं घ्या नाहीतर मोठं, मागच्या बाजूला साधारण तेवढाच संवेग येणार, आणि तो तुमच्या पंजातच येणार.

आता भागाकार. ग्लॉक 19 हे मध्यम आकाराचं पिस्तूल भरलेलं असताना 855 ग्रॅमच्या घरात. ते सेकंदाला साडेतीन मीटरने मागे येतं, म्हणजे सव्वापाच ज्यूल ऊर्जा. 2018 मध्ये आलेलं सिग पी365 हे त्याहून छोटं पिस्तूल भरून सुमारे 630 ग्रॅम. नळी आखूड असल्याने गोळीचा वेग थोडा घटतो, तरी ऊर्जा साडेसहा ज्यूलवर जाते. आणि ते मखमलीवरचं चिमुकलं? रिकामं जेमतेम 270 ग्रॅम. त्यात .380 नावाचं मवाळ काडतूस, गोळीचा संवेग नऊ मिलिमीटरच्या दोनतृतीयांशाहूनही कमी. तरी हातात येते पाच ज्यूल ऊर्जा! काडतूस मऊ केलं, पण पिस्तूल त्याहून हलकं केलं, आणि सगळी बचत तिथेच संपली. वर मूठ इतकी आखूड की करंगळी हवेत लोंबकळते, आणि तेवढाच धक्का तळव्याच्या कमी जागेवर बसतो.

याच्या नेमकं उलट बघायचं तर आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतकडे बघा. 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिने 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. त्या प्रकारात पिस्तूल 1400 ग्रॅमपर्यंत चालतं आणि गोळी असते अडीच ग्रॅमच्या आसपासची. ज्यांना नेम महत्त्वाचा ते वजन वाढवतात. ज्यांना लपवायचंय त्यांना ते कमी करावं लागतं.

आता स्लाइडकडे. खरं सांगायचं तर हा लेख मी या पुढच्या दीड मिलिमीटरसाठी लिहायला घेतला.

काडतुसात दारू पेटते तेव्हा आतला दाब 35,000 पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. स्कूटरच्या चाकात आपण 30 भरतो. पुंगळीच्या बुडावर दीड टनाच्या आसपास जोर येतो. अशा वेळी मागचं दार, म्हणजे स्लाइड, उघडलं तर पितळी पुंगळी फाटेल आणि आतला जाळ तोंडावर येईल. पण स्वयंचलित पिस्तुलाला दार तर उघडायचंच आहे, रिकामी पुंगळी फेकून नवं काडतूस आत घ्यायचंय. सोपा उपाय म्हणजे दार इतकं जड करायचं की ते हलेपर्यंत गोळी निघून गेलेली असेल. दुबळ्या काडतुसांना तो चालतो. नऊ मिलिमीटरला वापरला तर पिस्तुलाची वीट होते.

जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डन गावचा, बंदूक बनवणाऱ्या बापाचा मुलगा. त्याने काढलेली आणि 1897 मध्ये पेटंट मिळालेली कल्पना अशी: दार जड करू नका, नळीलाच दाराशी जखडा. दोघं मिळून मागे येऊ देत. मग पुरेसं अंतर गेलं की नळी खाली झुकेल, कडी सुटेल आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करेल.

पुरेसं म्हणजे किती? इथे एक सुंदर हिशोब आहे, त्यात ना वेळ मोजावा लागतो, ना वेग. होडीत उभा माणूस पुढे चालला की होडी मागे सरकते, कारण दोघांचा मिळून वस्तुमानमध्य जागचा हलत नाही. गोळी हा माणूस, स्लाइड आणि नळी ही होडी. गोळी साडेसात ग्रॅम, होडी 450 ग्रॅम धरू, म्हणजे साठपट. नळीत गोळीला 88 मिलिमीटर जायचंय. भागिले साठ. दीड मिलिमीटर! गोळी नळीच्या टोकाशी पोचते तेव्हा स्लाइड फक्त दीड मिलिमीटर मागे आलेली असते, पाच रुपयांच्या नाण्याच्या जाडीइतकीही नाही. कडी सुटते तीनेक मिलिमीटरवर. तोवर गोळी कधीच गेलेली आणि दाब कोसळलेला. घड्याळ नाही, झडप नाही, कुठलं इलेक्ट्रॉनिक्स नाही. काडतूस जोरदार असलं तर गोळीही लवकर निघते आणि स्लाइडही लवकर मागे येते, त्यामुळे गुणोत्तर तेच राहतं. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

आज दुकानात दिसणाऱ्या नऊ मिलिमीटरच्या बहुतेक पिस्तुलांत हीच युक्ती आहे. फक्त नळी झुकवायला ब्राउनिंगने आधी छोटा सांधा वापरला होता, आता नळीखाली तिरपी खाच असते. ब्राउनिंग 1926 मध्ये बेल्जियममध्ये कामावरच वारला. त्याचं शेवटचं पिस्तूल दियुदोने सैव्ह याने पूर्ण केलं, ते 1935 मध्ये आलं.

तर वहिनींचा प्रश्न. कडी सुटल्यावर स्लाइड वेगाने मागे धावते आणि तिला स्प्रिंगने थांबवायचं असतं. छोट्या पिस्तुलात स्लाइड हलकी, म्हणजे त्याच संवेगाला तिचा वेग आणि ऊर्जा जास्त. वर धावायला जागा कमी. जास्त ऊर्जा कमी अंतरात जिरवायची तर स्प्रिंग कडक हवी, दुसरा मार्ग नाही. ती घट्ट स्लाइड म्हणजे कंपनीचा आडमुठेपणा नव्हे. मवाळ काडतूस घेऊन पिस्तूल थोडं मोठंच ठेवलं तर स्प्रिंग सैल करता येते, आणि सहज ओढता येणाऱ्या स्लाइडची तशी पिस्तुलं मिळतातही.

यात आणखी एक गंमत, आणि ती छोट्या पिस्तुलांत जास्त छळते. स्लाइडला मागे जायचंय ते मुठीच्या सापेक्ष. मनगट ढिलं असलं तर मूठही तिच्याबरोबर मागे येते, स्लाइडचा प्रवास अर्धवट राहतो आणि पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत अडकते. म्हणजे नेम धरणाऱ्याचा हात हाही यंत्राचा एक भाग, आणि पिस्तूल जितकं हलकं तितकं त्या हातावर जास्त विसंबून.

आपल्याकडेही हलकेपणा बायकांच्या नावावर विकला गेला. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' हे सुमारे 500 ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर काढलं, खास महिलांसाठी म्हणून. भारतात सामान्य परवान्यावर नऊ मिलिमीटर मिळत नाही, 'निर्भीक'चं काडतूस .32 चं, तुलनेने सौम्य, म्हणून निभावतं.

आणि ते 'स्टॉपिंग पॉवर', म्हणजे समोरच्याला जागीच थांबवायची गोळीची ताकद, हे प्रकरण. दुकानात एक गृहस्थ कुठली गोळी माणसाला किती फूट मागे उडवते याचे आकडे पत्रिकेतले गुण सांगावेत तसे सांगत होते. संवेग 2.6, माणूस 70 किलोचा. सेकंदाला चार सेंटिमीटरसुद्धा वेग येत नाही. गोळी खाऊन काच फोडत पलीकडे जाणारा खलनायक दोरीने ओढलेला असतो.

मागे रेंज होती, तिथे भाड्याने पिस्तुलं मिळत होती. वहिनींनी चिमुकल्याने सहा गोळ्या झाडल्या. स्लाइड मित्राने ओढून दिली. कागदावर दोन भोकं, अंगठ्याच्या बेचक्यात लाल चट्टा. नंतर मध्यम पिस्तूल, स्लाइड स्वतः ओढून. ते कसं करायचं हे तिथल्या बाईंनी दाखवलं: एका हाताने स्लाइड ओढायची नाही, ती धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकलायची. सहा गोळ्या, सहा भोकं, बशीएवढ्या जागेत.

"हेच," वहिनी म्हणाल्या.

मग त्या बाईंनी ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक खोळीचं होल्स्टर आणलं आणि कमरेला लावून बघा म्हणाल्या. वहिनींच्या अंगात कुर्ता, खाली लेगिंग्ज. 855 ग्रॅम तिथे अडकवायचे कशावर? इलॅस्टिकने लगेच मान टाकली. त्या दिवशी पिस्तूल घेतलंच नाही. परतताना वाटेत थांबून वहिनींनी एक जीन्स आणि दीड इंच रुंद चामडी पट्टा घेतला.