उमेद नंतर येते

मन थकलेल्या माणसाला भेटेल तो एकच सांगतो, ‘जरा उमेद धर.’ सांगणाऱ्याची माया खरी असते, पण ऐकणारा आतून आणखी खचतो, कारण नेमकी तीच तर संपलेली असते. उमेद आली की उठू, असं मनाशी म्हणत तो पडून राहतो आणि दिवस जात राहतात. मेंदूविषयी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे हाती आलं आहे, ते वाचल्यावर मला वाटतं की आपण क्रमच उलटा धरून बसलो आहोत.

1967 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. प्रयोग क्रूर होता, वाचताना आजही पोटात कालवतं. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्याने शेजारची पट्टी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटालाही तेवढेच झटके बसले, तेवढाच वेळ. मात्र त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नव्हता. 24 तासांनी दोन्ही गटांना एका पेटीत सोडलं. मध्ये खांद्याएवढी भिंत आणि पलीकडे सुटका. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक थोडा वेळ सैरावैरा धावले, मग खाली बसले आणि कण्हत सोसत राहिले. उडी त्यांच्या आवाक्यातलीच होती. या स्थितीला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं.

जवळपास पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी लिहिलं की आपला मूळ सिद्धांत उलटा होता. मधल्या काळात मायर यांनी उंदरांच्या मेंदूत शिरून शोध घेतला होता. त्रास बराच वेळ चालला की मेंदूच्या बुंध्यातला पेशींचा एक छोटा पुंजका सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतो आणि प्राणी गळून जातो, हातपाय हलवणं सोडतो. हे शिकावं लागत नाही, ते उपजतच आहे. शिकावं लागतं ते याच्या विरुद्ध: माझ्या करण्याने काहीतरी बदलतं, हे. ते कपाळामागच्या मेंदूच्या एका भागाला उमगलं की तो भाग खालच्या पुंजक्याला आवर घालतो. हा भाग औषधाने बंद केला, तेव्हा झटके थांबवू शकणारे उंदीरही असहाय झाले.

मला हे फार मोलाचं वाटतं. महिनोन्‌महिने आजाऱ्याची सेवा करून किंवा न संपणाऱ्या कामाखाली दबून जो माणूस भिंतीकडे बघत बसतो, तो दुबळा किंवा आळशी नसतो. लांबलेल्या त्रासाला मेंदू असंच उत्तर देतो.

मग अशा खचलेल्या कुत्र्यांचं काय झालं? पलीकडे खाऊ टाकून पाहिला, हाका मारून पाहिल्या. बहुतेकांवर परिणाम शून्य. शेवटी संशोधकांनी गळ्यात दोरी बांधून त्यांना ओढत पलीकडच्या बाजूला नेलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सुरुवातीला बराच जोर लागायचा. हळूहळू दोरी सैल पडत गेली आणि मग कुत्रे आपणहून जाऊ लागले. त्यांना कुणी उमेद दिली नव्हती. आधी पाय हलले होते.

माणसांबाबतही याच्याशी जुळणारं काही सापडलं आहे. 1996 मध्ये मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या सुमारे 150 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना विचार बदलण्यासकट पूर्ण उपचार दिले, तर काहींना फक्त दिवसात छोट्या छोट्या कृती परत आणायला शिकवलं. फक्त कृतीवर भर दिलेले रुग्णही तेवढेच सुधारले.

इथे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं नाव निघतंच. त्याला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, ते मला पटत नाही. जॉन सॅलमोन यांच्या प्रयोगात उंदरांसमोर दोन वाटा होत्या: एकीकडे अडथळा आणि भरपूर खाणं, दुसरीकडे मोकळी वाट आणि थोडंसं खाणं. मेंदूच्या एका भागातलं डोपामिन घटवल्यावर उंदीर सोप्या वाटेने जाऊ लागले. भूक शाबूत होती, कष्ट तेवढे परवडत नव्हते. थकलेल्या मनाला आवडती गोष्टही डोंगराएवढी का वाटते, याचा अंदाज यावरून येतो. म्हणून अडथळाच बुटका करायला हवा.

वडिलांच्या लांबलेल्या आजारपणानंतर मी अशीच रिकामी झाले होते. बहीण आली, बोलली काहीच नाही. शर्टाचं एक तुटलेलं बटण आणि दोरा ओवलेली सुई तिने माझ्या हातात ठेवली. बटण शिवायला मला दहा मिनिटं लागली, दोनदा दोरा गुंतला. पण शेवटची गाठ मारून बटण ओढून पाहिलं तर ते हललं नाही. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच मी काहीतरी केलं होतं आणि ते तसंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी कपाटाचा एक कप्पा आवरला, अख्खं कपाट नाही.

कृती अशीच लागते: आजच संपणारी आणि फळ डोळ्यांना दिसणारी. ‘आयुष्य सावरायचं’ हे काम त्यात बसत नाही.

याने सगळं भागतं असंही नाही. झोप पुरेशी नसेल तर भावनांवरचा ताबा सुटतो, मग बटणंही जड होतात. कामाचा बोजाच अमानुष असेल तर तो कमी करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामातून येणाऱ्या अशा थकव्याची नोंद घेतली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला, तर डॉक्टरांकडे जावं. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये.

दाराशी जायचंही बळ नसेल तेव्हा कुणीतरी दोरी धरायला लागतं. बहिणीने मला ‘कशी आहेस’ असंही विचारलं नव्हतं. ती दोरा ओवून आली होती.