मधल्या सुट्टीची पार्श्वभूमी : गिरणीतला अर्धा तास

सगळ्यांनी एकाच वेळी हातातलं काम थांबवायचं, डबे उघडायचे, दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा कामाला लागायचं. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की कुणीतरी मागून, भांडून ते मिळवलं असेल असं मनातही येत नाही. शाळेत त्याला मधली सुट्टी म्हणतात, कारखान्यात जेवणाची सुट्टी. मुंबईच्या कापड गिरण्यांत मोठ्या माणसांना ही सुट्टी कायद्याने मिळायला पहिल्या गिरणीनंतर पस्तीसेक वर्षं जावी लागली. ही हकिकत तिथूनच सांगायला हवी, कारण आपल्याकडे विश्रांतीचा हक्क पहिल्यांदा मोठ्या आवाजात मागितला गेला तो गिरण्यांतून.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत चिमण्या उभ्या राहिल्या. कामाला आले ते कोकणातले आणि घाटावरचे शेतकरी. शेतातलं काम हलकं नसतं, पण ते ऊन-पावसाच्या कलाने चालतं. ऊन डोक्यावर आलं की बैल सोडायचे, झाडाखाली बसून भाकरी खायची, जरा पाठ टेकायची. गिरणीत वाफेचं इंजिन एकदा सुरू झालं की पट्टे फिरत राहायचे आणि पट्ट्यांबरोबर माणसं. विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाचा दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत असे, म्हणजे उन्हाळ्यात तेरा तासांच्याही वर. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सणावाराला गिरणी बंद राहिली तरी यंत्रं पुसायला यावं लागे.

मग माणसं विसावत कशी होती? मला या साऱ्या इतिहासात हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो. ती एकमेकांकडून वेळ उसना घेत. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, विणकराकडे साधारण दोन साचे, म्हणजे यंत्रमाग, असत आणि त्याची मजुरी कापडावर ठरे. साचा बंद राहिला की पैसे बुडाले. म्हणून बाहेर जायचं तर शेजारच्याला सांगूनच जावं लागे, ‘जरा बघ रे माझ्याकडे.’ तेवढा वेळ शेजारी चार साचे सांभाळायचा. पहिला अंगणात जाऊन बिडी ओढायचा, तोंडावर पाणी मारायचा, भाकरीचे चार घास खायचा आणि परत येऊन दुसऱ्याला मोकळं करायचा. १९०८ च्या सरकारी आयोगाने या सवयीची तक्रारीच्या सुरात नोंद केली आहे : कामगार सारखे खात्याबाहेर दिसतात, अंगणात रेंगाळतात. गिरणीमालक याला आळस म्हणत आणि तो धरूनच जादा माणसं नोंदवून ठेवत. बारा-तेरा तास यंत्रापाशी उभ्या माणसाने अधूनमधून बाहेर जाणं हा आळस कसा, हे मला अजून समजलेलं नाही. त्याला देऊ केलेला विसावा नव्हता, म्हणून त्याने सोबत्याच्या भरवशावर तो मिळवला. गिरणीतली मैत्री आधी अशीच, साच्याला साचा लागून, जमली.

कायद्याने पहिला हात घातला तो मुलांच्या बाबतीत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा, रोज एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. मोठ्या स्त्री-पुरुषांबद्दल त्यात काहीच नव्हतं. या कायद्यामागे सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या सुधारकांची कळकळ होती, तसा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबावही होता. मुंबईची गिरणी जास्त तास चालली तर त्यांचं कापड मागे पडेल, ही त्यांची चिंता होती.

मोठ्यांसाठी आवाज उठवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८४८ मध्ये ठाण्यात जन्मलेले लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक वर्तुळातले. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती, त्यामुळे आतली धूळ आणि आतले तास त्यांना ठाऊक होते. ‘दीनबंधु’ हे पत्र ते मुंबईतून चालवत. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांचा साधेपणाच मनाला लागतो. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. रोज दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी. जेवायला अर्धा तास मिळावा म्हणून साडेपाच हजार माणसांनी सह्या-अंगठे केले, हे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे.

तो अर्ज लगेच मान्य झाला नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळात, तेवढ्या गर्दीत, गिरणीतल्या बाईने उभं राहून बोलणं ही लहान गोष्ट नव्हती. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी आयोगाच्या कामात लोखंड्यांनाही घेतलं होतं. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवणंही आलं. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले.

या अर्ध्या तासाने एक वेगळी गोष्ट घडवली. आतापर्यंत एक माणूस बाहेर असला की दुसऱ्याला आत राहावंच लागे, त्यामुळे दोघे सोबती एका वेळी निवांत बसू शकत नव्हते. आता इंजिन थांबायचं आणि सगळं खातं एकदम बाहेर यायचं. यंत्रांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, साचेखात्यात तर हातवारे आणि ओठांची हालचाल यांवरच काम भागवावं लागे. ज्याच्या शेजारी दिवसभर उभं राहायचं त्याचा आवाज धडपणे ऐकायला मिळायचा तो सुट्टीत. गावाकडची पत्रं वाचून दाखवणं, पोरीच्या लग्नाचं बोलणं, भिशी, मुकादमाविरुद्धची कुरबूर, संध्याकाळच्या भजनाचा बेत, हे सगळं याच वेळात चालायचं. संपाची पहिली कुजबुजही अनेकदा इथेच व्हायची.

स्त्रियांची सुट्टी मात्र वेगळी होती, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आणि दीड तासाची विश्रांती दिली. कागदावर ती पुरुषांपेक्षा तिप्पट. पण बाई सुट्टीत तान्ह्या बाळाला पाजायला घरी धावायची किंवा पोर गिरणीतच आणलेलं असलं तर त्याच्यापाशी बसायची. बाळाने दिवसभर झोपून राहावं म्हणून अफूची बाळगोळी देण्याची रीत सर्रास होती. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी कामगार स्त्रियांची पाहणी केली तेव्हा हे ठळकपणे पुढे आलं. बाळंतपणातल्या मदतीचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये झाला. तोवर बाईला आधार होता तो शेजारणीचा, एकीचं मूल दुसरीने सांभाळण्याचा. तिच्या दीड तासाला विश्रांती म्हणायला माझा हात धजत नाही.

मिळालेलं टिकवायलाही झगडावं लागलं. विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताचा बांध फुटला. १९०५ च्या तेजीत गिरण्या रात्रीपर्यंत चालू लागल्या आणि दिवस चौदा तासांपुढे गेला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. १९२० च्या मोठ्या संपाने मुंबईत दहा तासांचा दिवस मिळवला. १९२२ च्या कायद्याने सहा तासांच्या कामानंतर एक तास विश्रांती सांगितली.

चहा यात उशिरा आला. चहाचा खप देशात वाढावा म्हणून १९०३ मध्ये चहावर उपकर बसवला गेला, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या निधीतून कारखान्यांत, खाणींत, गिरण्यांत चहाचे ठेले सुरू झाले. चहासाठी कामगारांना थोडा वेळ सोडा, असं मालकांना पटवलं जाई. हेतू धंद्याचा होता. पण कप हातात घेऊन दोघातिघांनी उभं राहण्याची सवय त्यातून लागली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती दिली. दीडशेवर कामगार असतील तिथे विश्रांतीची आणि जेवणाची खोली, अडीचशेवर असतील तिथे उपाहारगृह, असेही नियम आले. माझ्या मते यातली खोलीची तरतूद जास्त मोलाची. वेळ मिळाला आणि बसायला जागा नसली तर माणसं पांगतात.

गिरणीच्या भिंतीबाहेर हीच सोबत खानावळीत दिसायची. एकट्याने मुंबईत राहणारे कामगार चाळीतल्या एखाद्या बाईकडे महिन्याने जेवायचे, एकाच पंगतीला, आपापल्या पाळीप्रमाणे. या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. पगार गेले, तशी सुट्टीतली बैठकही गेली. भोंगा वाजायचा थांबल्यावर कुणी कुणाला कधी भेटायचं याला वेळच उरली नाही.

त्या जागांवर आज कार्यालयं आणि दुकानं आहेत. दुकानात काम करणाऱ्यांना १९४८ च्या मुंबई दुकाने कायद्याने पाच तासांनंतर एक तास विश्रांती दिली होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात ती किमान अर्धा तास झाली. मोठ्या दुकानांत जेवायला एकेकाला सोडतात, म्हणजे पुन्हा १८९१ च्या आधीसारखं, एक बाहेर तर दुसरा आत. घरपोच सामान देणाऱ्या मुलांना तर भोंगाही नाही आणि खातंही नाही. दुपारी परळच्या पुलाखाली सावलीत त्यांच्या गाड्या उभ्या असतात. एकजण पाण्याची बाटली भरायला जातो, तेवढा वेळ दुसरा त्याच्या गाडीवर, पिशवीवर आणि वाजणाऱ्या फोनवर लक्ष ठेवतो.